थीम पार्कची माहिती वाचताना आधी तारीख बघा

माझी नोकरी ग्रंथालयातली. नवं पुस्तक टेबलावर आलं की मी आधी शीर्षकपान उलटते आणि आवृत्ती कुठली, साल कुठलं ते बघते. घरच्यांसोबत थीम पार्कला जायचं ठरलं आणि तयारीला बसले, तेव्हा सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती हीच खोड. या विषयावर माहितीचा तुटवडा अजिबात नाही. एक प्रश्न टाका, शंभर पानं समोर येतात, सगळी आत्मविश्वासाने बोलतात, आणि त्यातली बरीचशी शिळी असतात.

आमची मंडळी अशी: आम्ही दोघं, बारा पूर्ण झालेली थोरली, १०७ सेंटिमीटरचा धाकटा आणि गुडघ्यांनी वैतागलेल्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई. शेवटी टोकियो ठरलं, म्हणजे टोकियो डिस्नेलँड आणि त्याला लागूनच असलेलं डिस्नेसी. ठरेपर्यंत ऑरलँडोचं डिस्ने वर्ल्डही शर्यतीत होतं, त्यामुळे दोन्हीकडचं पुष्कळ वाचून झालं.

शिळी म्हणजे किती, ते सांगते. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये रांग टाळण्यासाठी ‘फास्टपास’ नावाची सोय १९९९ मध्ये सुरू झाली. ती फुकट होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथे पैसे भरून घ्यायची ‘जिनी प्लस’ आली. जुलै २०२४ मध्ये तीही गेली आणि तिच्या जागी ‘लाइटनिंग लेन’ या विकतच्याच सोयीचे मल्टी पास आणि सिंगल पास असे प्रकार झाले. आता गंमत अशी, की या तिन्ही काळांतले लेख आजही तितक्याच दिमाखात समोर येतात. कोणी लिहितं, ‘उठल्या उठल्या फुकट पास घ्या’. कोणी सांगतं, ‘सकाळी बरोबर सातला फोन घेऊन बसा’. दोघेही आपापल्या काळात खरं बोलत होते.

टोकियोतही तेच. डिस्नेसीमधला फॅन्टसी स्प्रिंग्ज हा नवा भाग ६ जून २०२४ ला उघडला. सुरुवातीला त्या भागात नुसतं फिरायलाही तिथल्या एखाद्या राइडचा पास किंवा खास तिकीट लागायचं. १ एप्रिल २०२५ पासून ही अट काढली. म्हणजे जेमतेम दहा महिन्यांत नियम बदलला, पण त्या दहा महिन्यांत लिहिलेले लेख काही बदलले नाहीत. टोकियो डिस्नेलँडचं स्पेस माउंटन नावाचं रोलर कोस्टर ३१ जुलै २०२४ ला बंद झालं, पाडून नव्याने बांधायला घेतलं, आणि नवं २०२७ मध्ये उघडणार असं पार्कने जाहीर केलंय. तरीही ‘सकाळी सगळ्यात आधी काय करावं’ असं एका चॅटबॉटला विचारलं, तर त्याने मला तिथेच पाठवलं. वर उद्गारचिन्हही होतं.

म्हणून माझा पहिला नियम: पानावर तारीख नसेल तर पान बंद. ‘२०२६ ची संपूर्ण मार्गदर्शिका’ असं शीर्षक असलं तरी फसायचं नाही, कारण शीर्षकातलं साल बदलायला अर्धा मिनिट लागतो. आत जाऊन एखादी अलीकडे बदललेली गोष्ट शोधायची. वरच्या तीन उदाहरणांपैकी एखादं त्या लेखात बरोबर आहे का, तेवढं बघितलं तरी लेखकाने पान खरंच तपासलंय की नुसता आकडा पुसून नवा लिहिलाय, ते कळतं.

दुसरा नियम त्याहून साधा, पण माझ्या नवऱ्याला तो शेवटपर्यंत पटला नाही. त्याचं म्हणणं, सगळं वाचू आणि मग ठरवू. माझं म्हणणं, आधी आपले प्रश्न कागदावर, मग वाचन. ग्रंथालयात येऊन ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणणाऱ्याला मी जे विचारते, तेच इथे स्वतःला विचारायचं: कोणासाठी, किती वेळ, आणि काय नको? आमचे प्रश्न चारच निघाले. धाकट्याला कशात बसता येईल? थोरली कशाला घाबरेल? आईंना किती चालावं लागेल? आणि कुठला दिवस निवडायचा? या चार प्रश्नांची उत्तरं देणारं एकच पान जगात नाही. प्रत्येक प्रश्नाचं दार वेगळं.

उंचीपासून सुरुवात केली, कारण त्यात मतभेदाला जागा नसते. आणि ती फक्त पार्कच्या अधिकृत पानावरच बघायची. एकाच नावाच्या राइडला दोन गावांत दोन नियम असतात: स्पेस माउंटनला कॅलिफोर्नियात ४० इंच पुरतात, फ्लोरिडात ४४ लागतात. डिस्नेसीमध्ये टॉवर ऑफ टेररला १०२ सेंटिमीटर आणि जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थला ११७. इंडियाना जोन्स आणि रेजिंग स्पिरिट्सलाही ११७. टॉय स्टोरी मेनियाला उंचीची अट नाही. धाकट्याला भिंतीशी उभं केलं, त्याने मान जिराफासारखी ताणली, तरी पट्टी १०७ च्या पुढे सरकेना. तेव्हा जर्नी गेली, म्हणजे त्याच्यापुरती. हे घरी कळलेलं बरं. तिथे, तासभर रांगेत उभं राहून, पट्टीशी कळलं असतं तर ती रड मलाच निस्तरावी लागली असती.

अधिकृत पानावरच ‘रायडर स्विच’चीही माहिती सापडली. लहान मूल बसू शकत नसेल, तर एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग अदलाबदल होते आणि दुसऱ्याला रांग पुन्हा पहिल्यापासून लावावी लागत नाही. ही सोय बहुतेक मोठ्या पार्कांत या ना त्या नावाने असते. पण ती आपण मागावी लागते, कोणी आपणहून हातात देत नाही.

तिकिटाच्या वयाचंही तसंच. टोकियोत तीन वर्षांपर्यंत फुकट, ४ ते ११ बालक, १२ ते १७ ‘ज्युनियर’. डिस्ने वर्ल्डमध्ये तीनच्या आतलं मूल फुकट, आणि दहा पूर्ण झाली की प्रौढ. म्हणजे आमची थोरली टोकियोत ज्युनियर आणि फ्लोरिडात आमच्याइतकीच मोठी. तिला हे ऐकून फ्लोरिडा एकदम आवडायला लागलं होतं.

अधिकृत पान काय सांगत नाही, तेही लक्षात ठेवलं पाहिजे. कुठली राइड बंद आहे ते सांगेल. टोकियोचं पार्क दुरुस्तीसाठीच्या बंदच्या तारखा काही महिने आधीच लावतं, आणि ती यादी मी सगळ्यात आधी बुकमार्क केली. पण कुठला दिवस टाळा, हे कुठलंच पार्क सांगणार नाही. त्याला सगळेच दिवस भरलेले हवेत. त्यासाठी दार दुसरं.

क्यू-टाइम्स आणि थ्रिल डेटा नावाच्या दोन साइट आहेत. जगभरातल्या पार्कांच्या रांगांच्या वेळा त्या सतत टिपून ठेवतात, आणि मागचे दिवस, मागचे महिने उघडून बघता येतात. अमेरिकेतल्या पार्कांपुरतं बोलायचं तर टूरिंग प्लॅन्सही आहे. तिथे प्रत्येक दिवसाला गर्दीचा एक ते दहा असा आकडा मिळतो. मला भाकितांपेक्षा मागचे आकडे जास्त भरवशाचे वाटतात. आपल्याला जायचंय त्या आठवड्यात गेल्या वर्षी दुपारी दोनला काय होतं, हे डोळ्यांनी बघितलं की ‘गर्दी मध्यम’ वगैरे शब्दांची गरज उरत नाही. त्यातही एक बारकावा आहे: राइडच्या दारावर लावलेली वेळ ही अंदाजाची असते आणि पुष्कळदा प्रत्यक्षापेक्षा जास्त लावलेली असते. ४५ मिनिटं सांगून ३५ मध्ये आत सोडलं तर माणूस खूश होतो, उलट झालं तर भांडतो.

टोकियोसाठी कॅलेंडर मात्र जपानचं बघायला हवं, आपलं नाही. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गोल्डन वीक, म्हणजे लागोपाठच्या सुट्ट्या, ऑगस्टच्या मध्याला पूर्वजांच्या स्मरणाचा ओबोन सण, मार्चअखेरीस शाळांच्या वसंत सुट्ट्या. अमेरिकेत नाताळ ते नववर्ष हा आठवडा आणि स्प्रिंग ब्रेकचे दिवस. हे एकदा नकाशासारखं समोर मांडलं की निम्मा निर्णय झालाच.

या रांगांच्या तक्त्यांत मी इतकी रमले की नवरा म्हणाला, ‘अगं, जायचंय की प्रबंध लिहायचाय?’ पण त्यातूनच एक गोष्ट उमगली, जी मला कुठल्याच ‘टॉप टेन’ यादीने सांगितली नव्हती. रांग लांब असते ती नेहमी राइड भारी असते म्हणून नाही. एका तासात किती माणसं आत जातात, यावर सगळं असतं. पीटर पॅन्स फ्लाइट ही राइड कॅलिफोर्नियाचं डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडलं त्या दिवसापासून आहे. तिच्यात ना वेग, ना उलटंपालटं. एका लहानशा जहाजात जेमतेम दोन-तीन माणसं मावतात, म्हणून रांग कायम लांब. टोकियोतही ती तशीच. उलट पायरेट्स ऑफ द कॅरिबियनच्या एका होडीत चांगली वीसेक माणसं बसतात, आणि हॉन्टेड मॅन्शनमधल्या खुर्च्यांची साखळी तर थांबतच नाही. माणसं चढत राहतात, रांग सरकत राहते. म्हणजे बाहेर गर्दी तेवढीच दिसली तरी एका रांगेत तास जातो आणि दुसरीत वीस मिनिटं.

हे कळल्यावर सकाळ कशासाठी ठेवायची ते आपोआप ठरलं: कमी माणसं नेणाऱ्या राइडसाठी. पार्क उघडतं तेव्हा आत कोणीच नसतं आणि दुपारपर्यंत माणसं येतच राहतात, जात कोणी नाही. पहिला तास म्हणूनच इतका मोलाचा. मोठ्या होड्यांच्या, मोठ्या थिएटरांच्या गोष्टी दुपारी. आणि संध्याकाळी परेड सुरू झाली की लोक रस्त्याच्या कडेला बसतात, तेव्हा राइडच्या रांगा जरा आखडतात. परेड आवडणारी माणसं घरात असतील तर हा मार्ग बंद. आमच्याकडे एक आवडणारी आणि एक कंटाळणारा आहे, म्हणून दोन गट केले.

आता ब्लॉगर मंडळी. यांच्यावर माझा राग नाही, मीही आत्ता तेच करतेय. पण वाचताना दोन गोष्टी बघते. एक, लेखातल्या दुव्यांवरून तिकीट किंवा हॉटेल घेतलं तर लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं का? मिळत असेल तर बहुतेक जण तळाशी बारीक अक्षरात तसं लिहितात. त्यात गैर काही नाही, पण मग ‘इथेच राहा’ या वाक्याचं वजन थोडं कमी धरायचं. दोन, लिहिणारा कधी काही नको म्हणतो का? सगळंच अप्रतिम असलेल्या लेखातून मला निवड करता येत नाही. ‘ही सोडून द्या, वेळ वाया’ असं एकदा तरी लिहिणारा माणूस माझ्या कामाचा. टोकियोसाठी टीडीआर एक्सप्लोरर ही इंग्रजी साइट मी बरीच वाचली, आणि जिथे शंका आली तिथे पार्कचं जपानी पान ब्राउझरमधून भाषांतर करून शेजारी ठेवलं.

थोरलीची भीती हे वेगळंच प्रकरण. तिला वेग चालतो, वळणं चालतात, पोटात गोळा आणणारी सरळ खाली पडणारी राइड चालत नाही. ‘थरारक’ या शब्दातून हा फरक कळत नाही. रोलर कोस्टर डेटाबेस नावाची एक साइट १९९६ पासून चालू आहे. त्यात जगभरातल्या कोस्टरची उंची, लांबी, वेग, किती वेळा उलटं होतं, सगळं नोंदलेलं असतं. मला ती उघडल्यावर घरी आल्यासारखं वाटलं, इतकी ती कार्ड कॅटलॉगच्या वळणाची आहे. रेजिंग स्पिरिट्स पूर्ण ३६० अंशात उलटं नेतं, हे आधी कळलं. मग व्हिडिओ. लोक राइडच्या पहिल्या रांगेत बसून, म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं तसं, चित्रण करून टाकतात. सरळ खाली पडणाऱ्या टॉवर ऑफ टेररचा व्हिडिओ तिने बोट पॉजच्या बटणावर ठेवून बघितला आणि शांतपणे ‘मी खाली थांबते’ म्हणाली. उत्तम. घरी झालेला नकार रांगेतल्या रडारडीपेक्षा कितीतरी बरा.

यावर नवऱ्याचा आक्षेप होता, की सगळं आधीच बघितलं तर तिथे उरणार काय? त्याचं खरं आहे. म्हणून घाबरवणाऱ्याच राइड बघायच्या, बाकीच्यांना हात लावायचा नाही, असं ठरलं. धाकट्याने हा ठराव मोडला, पण तो सगळेच ठराव मोडतो. एक सावधगिरी मात्र हवी: कॅमेरा पोटातला गोळा दाखवत नाही, आणि अंधाऱ्या राइडमध्ये तो आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त उजेड दाखवतो. व्हिडिओत सौम्य वाटलेली अंधारी राइड प्रत्यक्षात बरीच काळीकुट्ट असू शकते.

सगळ्यात अवघड प्रश्न आईंचा निघाला. त्यांनी एकच विचारलं होतं: ‘मला बसायला कुठे मिळेल गं?’ एवढ्या साध्या प्रश्नाला ना अधिकृत पानावर उत्तर, ना यादीत. व्हीलचेअर भाड्याने मिळते, ते लिहिलेलं असतं. पण आईंना व्हीलचेअर नको होती, बाक हवा होता. उत्तर सापडलं ते कोणी न बोलता नुसतं चालत चालत केलेल्या तासाभराच्या व्हिडिओंत. कॅमेरा घेऊन माणूस दारापासून शेवटपर्यंत चालत जातो, संगीत नाही, निवेदन नाही. त्यात बाक दिसतात, सावली दिसते, चढ दिसतो, पायऱ्या दिसतात, स्वच्छतागृहाची पाटी दिसते. आईंनी चष्मा लावून तो अख्खा बघितला आणि मध्ये मध्ये ‘इथे थांबेन मी’ असं सांगत गेल्या. मी नकाशावर खुणा करत गेले.

त्याच ओघात बसून बघायच्या गोष्टींची त्यांची स्वतःची यादी झाली. टोकियो डिस्नेलँडमध्ये वेस्टर्न रिव्हर रेलरोड, कंट्री बेअर थिएटर, एन्चांटेड टिकी रूम. डिस्नेसीमध्ये बंदराभोवती फिरणारी ट्रान्झिट स्टीमर लाइन आणि वरून जाणारी इलेक्ट्रिक रेल्वे; या दोन्हींनी चालणंही वाचतं. अपंगांसाठीच्या अधिकृत माहितीचाही इथे उपयोग झाला, जरी आई स्वतःला त्या गटात धरत नाहीत. कुठल्या राइडला पायऱ्या आहेत, कुठे सरकत्या पट्ट्यावरून चढावं लागतं, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. हॉन्टेड मॅन्शनमध्ये असा सरकता पट्टा आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी सांगितलं तर तो हळू करण्याची सोय असते. दुखऱ्या गुडघ्यांना ही माहिती वेगाच्या आकड्यापेक्षा मोठी.

ॲपबद्दल थोडक्यात. डिस्ने वर्ल्डमध्ये सध्याच्या पद्धतीत तिथल्या हॉटेलात उतरलेल्यांना लाइटनिंग लेन सात दिवस आधी घेता येते, इतरांना तीन दिवस आधी. म्हणजे घरी बसूनच बरंचसं ठरतं. टोकियोत रांग टाळायचा विकतचा पास, म्हणजे प्रीमियर ॲक्सेस, पार्कात शिरल्यावरच घेता येतो. त्यामुळे तिथे आधी वेळापत्रक आखून फारसा उपयोग नाही. फोनला इंटरनेट, भरलेली बॅटरी आणि सगळ्यांची तिकिटं एकाच ॲपमध्ये जोडलेली, एवढं हवं. ॲप घरीच उतरवून, नाव नोंदवून, दोनदा उघडून बघायचं. दारात उभं राहून पासवर्ड आठवणं हा काही सहलीचा भाग नव्हे.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मी काय केलं, तर एक कागद घेतला. पुढच्या बाजूला सकाळचे तीन मुक्काम, आईंचे बाक, धाकट्याच्या चालणाऱ्या राइड. मागच्या बाजूला पावसाचा दिवस, म्हणजे छपराखालच्या गोष्टी. बाकी सगळे दुवे फोनमध्ये एका फोल्डरात, प्रत्येकापुढे मी तो कधी बघितला ती तारीख. निघायच्या आठवड्यात फक्त तीन पानं पुन्हा उघडायची: बंद राइडची यादी, त्या दिवसाच्या वेळा आणि हवामान. हवामानात पावसाबरोबर वाऱ्याकडेही लक्ष ठेवायचं, कारण टोकियोचं पार्क समुद्राकाठी आहे आणि वारा जोराचा असला की तिथली आतषबाजी रद्द होते. थोरलीला हे आधीच सांगून ठेवलंय. धाकट्याला अजून नाही.